खाऱ्या पाण्याचा फिश टँक : लाइट गेली तर पाणी फरशीवर येऊ नये

पनवेल : खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली दुसरी छोटी टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. वरचं पाणी पाइपने संपात उतरतं, गाळून पंपाने परत वर चढतं. लाइट गेली की पंप थांबतो, पाणी मात्र खाली येतच राहतं. म्हणून संप काठोकाठ भरू नये. वर जाणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडावं. हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. पाइप पीव्हीसीचा घ्यावा, तांब्याने कोळंबी मरते.

खाडीचं पाणी नको; आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मत्स्यालयाचं समुद्री मीठ मिसळावं. समुद्रातली प्रवाळं काढू नयेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. पंप बंद करून पाहा, मगच मासे सोडा.