केबिन एअर फिल्टर

केबिन एअर फिल्टर हा मोटारीतील वायुवीजन व वातानुकूलन यंत्रणेतून प्रवाशांच्या बसण्याच्या जागेत येणारी हवा गाळणारा भाग आहे. तो ठरावीक काळाने बदलावा लागतो. इंजिनाला लागणारी हवा गाळणारा एअर फिल्टर वेगळा असून तो बॉनेटखाली असतो. दोहोंच्या नावांत साम्य असल्याने सुटा भाग विकत घेताना पुष्कळदा गल्लत होते. केबिन फिल्टर पूर्ण तुंबला तरी गाडी पूर्वीसारखीच धावते आणि बहुतेक गाड्यांत त्यासाठी कोणताही इशारा-दिवा नसतो; त्याच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होण्याचे कारण हेच.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय मोटारींत असे फिल्टर कारखान्यातूनच बसवून येऊ लागले. भारतात विकल्या गेलेल्या काही गाड्यांच्या स्वस्त प्रारूपांत फिल्टरची खाच असते, पण आत फिल्टर नसतो. अशा गाडीत तो नंतर बसवता येतो.

रचना व प्रकार

साधा फिल्टर कृत्रिम तंतूंच्या न विणलेल्या कापडाचा असतो. कापडाला जवळजवळ चुण्या घातल्याने थोड्या जागेत गाळण्याचे क्षेत्रफळ बरेच वाढते. पुष्कळ फिल्टरांच्या तंतूंवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. त्यामुळे तंतूंमधील फटीतून सहज निसटतील असे बारीक कणही तंतूंकडे ओढले जाऊन चिकटतात. साबणाच्या पाण्याने हा भार क्षीण होतो. म्हणून असा फिल्टर धुतल्यावर डोळ्यांना स्वच्छ दिसला तरी त्याची गाळण्याची क्षमता घटलेली असते. झटकून किंवा हवेचा झोत मारून वरवरची धूळ व पाने निघतात; त्याने फार तर काही आठवडे निभावते. धुण्याजोगा असल्याचे उत्पादकानेच म्हटले असेल, तरच फिल्टर धुवावा.

दुसऱ्या प्रकारात कापडाच्या थरांमध्ये सक्रिय कोळसा असतो. धूर, इंधनाची वाफ, गटारांची दुर्गंधी यांतील काही वायू कोळशाच्या सच्छिद्र पृष्ठभागावर अधिशोषणाने धरले जातात. पृष्ठभाग भरला की हा गुण संपतो, मग कापड कितीही स्वच्छ असो. कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू मात्र यांपैकी कोणत्याही फिल्टरने अडत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे हे उत्तम फिल्टर असतानाही तितकेच प्राणघातक असते.

बदलण्याची वेळ

नेमकी मुदत गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती सामान्यतः १५,००० ते ३०,००० किलोमीटर किंवा एक-दोन वर्षे, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. धुळीचे रस्ते, बांधकामे आणि शहरातील वाहतूककोंडी असेल तेथे हा काळ बराच कमी होतो. पंखा पूर्ण वेगावर असूनही झोत मंद येणे आणि कुबट वास येणे ही फिल्टर तुंबल्याची मुख्य लक्षणे होत. झोत जोरदार असून हवा थंड नसेल, तर दोष बहुधा अन्यत्र, म्हणजे शीतक वायूत किंवा कॉम्प्रेसरमध्ये असतो.

पावसाळ्यात याचा संबंध थेट सुरक्षिततेशी येतो. प्रवाशांच्या श्वासातील बाष्पाने पुढील काच आतून धुकटते आणि ते धुके घालवण्यास कोरड्या हवेचा जोरदार झोत लागतो. फिल्टर तुंबलेला असल्यास काच निवळण्यास उशीर लागतो. घाटरस्त्यावर मुसळधार पावसात हा उशीर परवडणारा नसतो.

घरी बदलण्याची रीत

अनेक गाड्यांत फिल्टर पुढील प्रवाशासमोरच्या ग्लोव्ह बॉक्समागे असतो. काहींत तो वायपरखालच्या जाळीच्या आत किंवा पायांजवळच्या बाजूच्या आवरणामागे असतो; जागा पुस्तिकेत पाहूनच काम सुरू करावे. इंजिन व पंखा बंद करावा. ग्लोव्ह बॉक्स रिकामा करून त्याला आधार देणारी दोरी किंवा दांडी असल्यास सोडवावी. मग दोन्ही कडा आतल्या बाजूला दाबल्या की खोका खाली झुकतो. जोर लावावा लागत असेल तर एखादा स्क्रू किंवा खिटी राहिली आहे असे समजावे. ओढाताणीत प्लॅस्टिकचे काने तुटतात. डॅशबोर्डच्या या भागात एअरबॅग असल्याने तेथील वायरी हलवू नयेत.

मागे दिसणाऱ्या लांबट झाकणाच्या खिट्या दाबून ते काढावे. जुना फिल्टर बाहेर ओढण्यापूर्वी त्यावरील बाणाची दिशा पाहून ठेवावी. फिल्टर आडवा व सावकाश काढावा, अन्यथा वरचा कचरा खालच्या पंख्यात पडतो आणि नंतर खडखडाट ऐकू येतो. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत सुकलेली पाने हमखास सापडतात. बराच काळ न हललेल्या गाडीत कधी उंदरांनी कुरतडलेले कापड व लेंड्याही निघतात. तसे असल्यास नाकातोंडावर मास्क व हातमोजे घालून, घाण जंतुनाशकाने ओली करून मगच पुसावी. कोरडी झाडल्यास तिची धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

नवा फिल्टर बसवताना बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवावा. पंखा फिल्टरच्या खाली असेल तर हवा वरून खाली वाहते. काही फिल्टरांवर मात्र प्रवाहाऐवजी वरची बाजू कोणती एवढेच दर्शवलेले असते, म्हणून बाणाशेजारचा मजकूर वाचावा. फिल्टर चेपून कोंबू नये. कडेला फट राहिली की हवा तिथूनच वाट काढते आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. झाकण व ग्लोव्ह बॉक्स पूर्ववत बसवून पंखा सर्व वेगांवर चालवून पाहावा. सरावानंतर हे काम दहा-पंधरा मिनिटांत होते.

मर्यादा

साधा फिल्टर परागकण व जाड धूळ चांगली अडवतो, परंतु २.५ मायक्रॉनहून लहान कणांपैकी बराच भाग त्यातून निसटू शकतो. खिडक्या उघड्या असताना त्याचा उपयोग नाममात्र असतो. आतलीच हवा फिरवत ठेवल्यास बाहेरची धूळ कमी येते, तथापि प्रवाशांच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साठत जाऊन जडपणा व सुस्ती येऊ शकते. कार्बन डायऑक्साइड या फिल्टरने अडत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात अधूनमधून बाहेरची हवा आत घ्यावी लागते.