शब्दांचा वेळ, जिभेचा वेळ

लहानपणी शाळेत भेंड्या चालत आणि घरी बैतबाजी. समोरच्याचा शेर ज्या अक्षरावर संपला, त्या अक्षराने आपला शेर सुरू करायचा. जो अडला तो हरला. पण अडण्याचेही दोन प्रकार असतात. एकाला शेर आठवतच नाही. दुसऱ्याला आठवतो, पण जीभ अडखळते. खेळात दोघेही बाद. एका आजाराच्या बाबतीत हा फरक नीट मोजायला वैद्यकशास्त्रालाही शंभराहून अधिक वर्षे लागली.

अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस हे त्या आजाराचे नाव. थोडक्यात ए.एल.एस. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉ. शार्को यांनी १८६९ पासून त्याचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये त्याला हे नाव दिले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी यात एकेक करून मरतात. हात जातात, पाय जातात, बोलणे जाते आणि शेवटी श्वास. एवढ्या अंधारात डॉक्टर आणि नातेवाईक एका समजुतीला धरून राहिले : शरीर जाते, पण बुद्धी शाबूत राहते. स्टीफन हॉकिंग यांच्याकडे पाहून तर ही समजूत पक्की झाली. १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी त्यांच्या आजाराचे निदान झाले. २०१८ पर्यंत ते जगले आणि विश्वाचा विचार करीत राहिले. पण एका असामान्य माणसावरून सगळ्यांचा नियम कसा ठरणार?

१९७९ मध्ये जपानमधील डॉ. मित्सुयामा आणि त्यांच्या सहकाऱ्याने, वार्धक्याआधीच आलेला बुद्धिऱ्हास आणि चेतापेशींचा हा आजार एकत्र असलेले रुग्ण नोंदवले. २००६ मध्ये असे आढळले, की ए.एल.एस. आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा एक प्रकारचा बुद्धिऱ्हास, या दोन्हींत टीडीपी-४३ नावाचे एकच प्रथिन पेशींत साचते. २०११ मध्ये दोन्हींना कारण ठरणारा एक जनुकीय दोषही सापडला. आज मानले जाते, की साधारण निम्म्या रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात कमीअधिक बदल होतो.

मग तो आधी दिसला का नाही? कारण मोजायची फूटपट्टीच चुकीची होती. १९७५ पासून प्रचलित असलेल्या तीस गुणांच्या चाचणीत कागदाची घडी घाला, वाक्य लिहा, आकृती काढा, असे प्रश्न असतात. ज्याचा हातच उचलत नाही, त्याने काय करावे? शिवाय तिचा भर तारीख, ठिकाण आणि स्मरण यांवर. या आजारात आधी बिघडते ते बहुधा वेगळेच : शब्द शोधणे, बेत आखणे, दुसऱ्याचे मन ओळखणे.

एडिंबरोच्या शॅरन अब्राहम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा हिशेब काढला. एका अक्षराने सुरू होणारे शब्द रुग्णाने सांगायचे किंवा लिहायचे. मग तेच शब्द त्याला फक्त वाचायला किंवा उतरवायला लावायचे आणि त्याला लागलेला वेळ वजा करायचा. समजा, साठ सेकंदांत दहा शब्द आले आणि ते नुसते वाचायला वीस सेकंद लागले. उरले चाळीस, म्हणजे शब्दामागे विचाराची चार सेकंदे. जिभेचा वेळ बाजूला झाला, मनाचा वेळ हाती आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एडिंबरो' चाचणीत हा हिशेब आहे. पंधरा-वीस मिनिटांत ती होते आणि घरच्या माणसालाही वागण्याबद्दल वेगळे प्रश्न विचारते.

आपल्याकडे अशी चाचणी नुसती भाषांतरित करून भागत नाही. उर्दूत 'कलम' आणि 'किताब' यांची पहिली अक्षरे वेगळी, काफ दोन आहेत. मराठीत दोन्ही 'क'च. शिवाय 'क' म्हटल्यावर 'का' आणि 'कि' मोजायचे की नाही, हेही आधी ठरवावे लागते.

यात पणाला काय लागते? पोटात नळी घालायची का, श्वासाचे यंत्र लावायचे का, हे निर्णय रुग्णाला स्वतःला घ्यायचे असतात. त्याला ते समजताहेत का, हे वेळेवर कळायला हवे. आणि रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्या बायकोला 'हे आताशा माझी विचारपूसही करीत नाहीत' असे वाटत असेल, तर तो नवऱ्याचा कोरडेपणा नसून आजाराचाच भाग असू शकतो, हे कुणीतरी सांगायला हवे. तेवढ्यानेही घरातली कटुता उतरते.

चाळणी म्हणजे निकाल नव्हे. गुण कमी आले तर पुढची सविस्तर तपासणी, एवढाच तिचा अर्थ. ती न करणे म्हणजे दया, असे मात्र आता म्हणता येत नाही. अडलेल्या गड्याला बाद म्हणण्याआधी तो कुठे अडला आहे, हे विचारावे. जीभ अडली असेल तर थांबावे. शब्दच हरवला असेल तर हात धरावा.