बॉम्बे रक्तगटाचे कोडे आणि जनुकांची कातरकाम

१९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी एका विलक्षण रक्ताची नोंद प्रसिद्ध केली. तपासणीत ते ‘ओ’ गटासारखे दिसे. परंतु ‘ओ’ गटाचे रक्तही त्यास चालत नसे. यालाच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव मिळाले.

मित्रहो, बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर, अगदी ‘ओ’ गटाच्याही, ‘एच’ नावाची शर्करारचना असते. बॉम्बे गटात ती नसते. उलट रक्तद्रवात तिच्याविरुद्धचे प्रतिपिंड सज्ज असतात. परक्याच्या रक्ताचा एक थेंबही कधी न घेतलेल्या माणसातसुद्धा! मग हे शस्त्र घडले कसे?

१९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी सुचवले की, परका रेणू साच्यासारखा वापरून प्रतिपिंड त्याच्याभोवती आकार घेतो. हे मत टिकले नाही. पण त्याबद्दल पॉलिंग यांना हसू नये. जनुके डीएनएची बनलेली असतात, हेही तेव्हा ठरलेले नव्हते. १९५७ मध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी क्रम उलटा केला. नाना प्रकारचे प्रतिपिंड बाळगणाऱ्या पेशी आधीच असतात; परका रेणू त्यांतून केवळ निवड करतो, आणि स्वकीयांवर उठणाऱ्या पेशी बाद होतात. बॉम्बे गटाचा उलगडा येथेच होतो: ‘एच’ ही त्या शरीराला स्वकीय नाही, म्हणून तिच्याविरुद्धच्या पेशी तेथे टिकतात. आतड्यांतील जिवाणूंवरच्या तत्सम शर्करा त्यांना जागे करतात, असे मानले जाते.

अडचण मात्र हिशेबाची होती. प्रत्येक प्रतिपिंडाला स्वतंत्र जनुक द्यायचे, तर तेवढी जनुके आणायची कोठून? १९६५ मध्ये ड्रायर आणि बेनेट यांनी मांडले की, प्रतिपिंडाची एकच साखळी दोन जनुकांतून घडत असावी. हे जवळजवळ पाखंडच होते, कारण शरीरातील सर्व पेशींचा डीएनए एकसारखा असतो, असा दृढ समज होता.

१९७६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सुसुमु तोनेगावा व नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या अर्बुदपेशींचा डीएनए विकरांनी कापून ताडून पाहिला. गर्भात दूर असलेले तुकडे अर्बुदपेशीत एकत्र आले होते. पेशीने स्वतःचाच डीएनए कापून जोडला होता! तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले, तेही एकट्यांना.

मानवात जड साखळीसाठी ‘व्ही’चे सुमारे ४०, ‘डी’चे २३ आणि ‘जे’चे ६ उपयुक्त तुकडे असतात. प्रत्येकी एक निवडला, तरी साडेपाच हजारांवर जुळण्या होतात. हलक्या साखळीच्या सुमारे ३०० जुळण्यांनी गुणले, की आकडा पंधरा लाखांपुढे जातो. शिवाय सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात. खरी अफाट विविधता त्या ओबडधोबड सांध्यांतूनच येते.

चिखलीतल्या एखाद्या शिबिरात अशा दात्याच्या केवळ तांबड्या पेशी तपासल्या, तर चिठ्ठीवर ‘ओ’ असेच उमटेल. त्याचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींत मिसळला, की गुठळ्या धरतात आणि भेद कळतो.