जोगप्पा

संस्कृतातल्या आरंभीच्या ‘य’चा प्राकृतात ‘ज’ झाला. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी. ‘जोग’ही तसाच ‘योग’मधून आला. त्याला कन्नड ‘अप्पा’, म्हणजे बाप, जोडला की ‘जोगप्पा’. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेले, पुरुषदेहाने जन्मलेले हे भक्त लुगडं नेसतात, देवीचा जग, म्हणजे टोपलीतली मूर्ती, डोईवर घेतात, चौंडक्याच्या तालावर जोगवा मागतात. नेसणं बाईचं, नाव बापाचं! कर्नाटक सीमेअलीकडे कोल्हापूर-सांगलीत त्यांनाच जोगता म्हणतात; तिथेही शब्द पुल्लिंगीच. याच परंपरेतल्या, २०२१ साली पद्मश्री मिळालेल्या लोककलावंत मंजम्मा मात्र ‘जोगती’ हे स्त्रीरूप नावापुढे लावतात. प्रत्यय कोणता घ्यायचा, हे त्यांनी व्याकरणावर सोडलं नाही.