तिसरीचं पहिलं सत्र

तिसरीची मुलं या सत्रात काय शिकणार, याचा एक कागद जूनमध्ये वर्गाच्या दारावर लागतो. गणितात तीन अंकी संख्या, हातच्याची बेरीज, दशक मोडून वजाबाकी, खेळण्यांमधून आकारांची ओळख. हिंदीला ‘वीणा’, इंग्रजीला ‘संतूर’. आणि ‘हमारा अद्भुत संसार’ या पुस्तकातून घरची माणसं, जत्रा, सण, झाडंझुडपं. एनसीईआरटीने तिसरीची ही नवी पुस्तकं २०२४ साली काढली. आम्ही भोपाळच्या शाहपुऱ्यात राहतो. माझी नात यंदा तिसरीला आहे, आणि मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवूनच निवृत्त झाले. त्यामुळे असा कागद दिसला की माझे पाय थांबतात.

पालक त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि पुढे जातात. मला त्यातल्या ओळींमागे माणसं दिसतात. हातच्याची बेरीज राहिली आणि औटकी गेली, टकळी आली आणि गेली, झाडाझुडपांचा धडा आला. हे सगळं कुणी ना कुणी ठरवलेलं आहे, आणि बहुतेक वेळा वर्गात कधी उभं न राहिलेल्यांनी. वर्गातल्या मास्तराला, बाईंना विचारून ठरलं असे प्रसंग थोडे. त्यांचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा, म्हणून हे लिहिते आहे.

पंतोजीच्या शाळेत सत्र वगैरे नव्हतं. धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवायची, मग मोडी वळण, आणि उरलेला सारा वेळ पाढे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या वडिलांना हे सगळे पाढे पाठ होते. आजच्या पालकांना ही निव्वळ घोकंपट्टी वाटते. पण रुपयाचे आणे सोळा, शेराच्या छटाका सोळा, पायलीचे शेर चार, अशा बाजारात पाव आणि पाऊण यांच्यावाचून पान हलत नसे. अडीच आणे शेर भावाने सात शेर ज्वारी घेतली तर अडीचकीतला सातवा आकडा साडेसतरा, म्हणजे एक रुपया दीड आणा. हे दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगता यायला हवं. ज्याला येत नसे तो फसत असे. तो अभ्यासक्रम बाजाराने लिहिला होता आणि ज्यांना बाजारात उभं राहता येत होतं त्यांच्याच मुलांसाठी तो होता.

तो सगळ्यांसाठी असावा आणि त्यात आणखी काय असावं, हे स्पष्ट शब्दांत मांडलं जोतीराव फुल्यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांवर थोडे धडे. डी. एड.च्या वर्षी ही यादी मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा शेती आणि आरोग्य या दोन शब्दांवर माझी नजर खिळली. ते निवेदन तेवढ्यावर थांबत नाही. शिकवणारे शक्यतो शेतकरी कुटुंबांतले असावेत, नांगराच्या मुठीला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावायची त्यांना लाज वाटू नये, त्यांना नीट प्रशिक्षण मिळावं आणि पगार बारा रुपयांहून कमी नसावा, असंही जोतीराव मागतात. काय शिकवायचं आणि कोण शिकवणार, हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले नाहीत. पुढे ज्यांनी ज्यांनी ते वेगळे केले त्यांच्या योजना कागदावर राहिल्या, असं माझं मत आहे.

हाताच्या कामाचा विचार पुढे आमच्या विदर्भातच फुलला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांच्या, मातृभाषेतल्या, हस्तोद्योगावर उभ्या शिक्षणाचा आराखडा केला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी. तिथे शिक्षणमंत्री होते रविशंकर शुक्ल. त्यांनी विद्यामंदिर योजना काढली: गावाने जमीन द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी. माझी आई टकळीवर सूत कातायला शाळेत शिकली. तिचं सूत बारीक यायचं आणि तिला त्याचा शेवटपर्यंत अभिमान होता.

याच शुक्लजींच्या हाताखालच्या सचिवालयात वडील कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ मिळून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ, मुख्यमंत्री शुक्लजी. ते वर्ष संपायच्या आत, ३१ डिसेंबरला, ते वारले. नागपूरची राजधानी गेली आणि फायलींबरोबर शेकडो मराठी कुटुंबंही भोपाळला आली. त्यांत आमचं एक. मी तेव्हा दुसरीत होते. नागपूरला मराठी शाळेत जात होते, इथे तात्या टोपे नगरातल्या क्वार्टरजवळच्या हिंदी शाळेत नाव घातलं.

भाषा बदलली ती बदललीच. पण पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, पैसेही बदलले. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी काही वर्षं बरोबरीने चालली, म्हणून आम्हाला दोन्ही हिशेब येणं भाग होतं. गुरुजींनी फळ्यावर कोष्टक लिहिलं: एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस आणि चार म्हणजे पंचवीस. दोनाचे बारा झाल्यावर तीनाचे अठरा का नाहीत, यावर वर्गात केवढी खळबळ झाली होती. आण्याचे सव्वासहा पैसे होतात, अपूर्णांक नाण्यात देता येत नाही, म्हणून जवळचा पूर्ण आकडा धरायचा. हे ज्याला तेव्हा कळलं त्याला अपूर्णांकांची भीती पुन्हा कधी वाटली नसेल. ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम येऊ लागले. घरी वडील रात्री औटकी म्हणवून घेत आणि शाळेत गुरुजी म्हणत, आता तिची गरज नाही. मला दोघांचंही पटत असे. आज वाटतं, एका पिढीच्या हातून शेकडो वर्षांचा अभ्यासक्रम दोन-चार सत्रांत सुटला आणि आम्ही तो सुटताना पाहिला.

भोपाळला शिक्षणाची स्वतःची परंपरा होतीच. इथे १८१९ पासून १९२६ पर्यंत चार बेगमांनी राज्य केलं. सिकंदर बेगमने मुलींसाठी व्हिक्टोरिया शाळा काढली, सुलतान जहाँ बेगमने सुलतानिया शाळा काढली, मुलींसाठी आरोग्य आणि घरकारभार यांवर स्वतः पुस्तकं लिहिली आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाची ती पहिली कुलपती झाली. स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट तर भोपाळात अजून सांगतात. शंकरदयाळ शर्मा शिक्षणमंत्री असताना पहिलीच्या पुस्तकातला ‘ग गणेशाचा’ जाऊन ‘ग गाढवाचा’ झाला, कारण सरकारी पुस्तक सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी होतं. यावरून घराघरांत वाद झाले. एका अक्षरापुढच्या चित्रावरून वाद होतो, याचा अर्थ लोकांना पहिलीच्या पुस्तकाचं मोल कळतं.

मराठी आम्ही घरीच टिकवली. पुण्याला २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती सुरू झाली आणि पुढे नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत तिची पुस्तकं असत. माझी मुलं शाळेचा अभ्यास हिंदीतून करायची आणि रविवारी बालभारती वाचायची.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं सांगायचं होतं तो सांगते. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा सरकारी मिडल शाळांत विज्ञान शिकवायची नवी पद्धत सुरू केली. मुलं स्वतः प्रयोग करणार, निरीक्षण लिहिणार, उत्तरावर वाद घालणार. पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे आले आणि आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे सांगाडे बनवू लागले. १९८२ मध्ये यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. भोपाळच्या वायुकांडाला सात-आठ महिने झाले होते, शहर अजून खोकत होतं, अशा वेळी जुलै १९८५ मध्ये तिने मुलांसाठी ‘चकमक’ मासिक काढलं. मी त्यांच्या अरेरा कॉलनीतल्या कचेरीत जाऊन अंक आणायची आणि वर्गात वाचायला ठेवायची.

प्राथमिक शाळेसाठी त्यांनी जो उपक्रम केला त्याचं नाव प्रशिका. बैतूल जिल्ह्यातलं शाहपूर (आमच्या शाहपुऱ्याशी नावाचंच साम्य) आणि हरदा, अशा दोन ठिकाणच्या सरकारी शाळांत तो चालला. पुस्तकाचं नाव ‘खुशी-खुशी’. भाषा, गणित आणि परिसर यांची वेगवेगळी पुस्तकं नव्हती, सगळं एकात. शाहपूरकडे कितीतरी मुलांच्या घरी गोंडी किंवा कोरकू बोलतात. दुसरीत शाळेची भाषा एकाएकी बदलली म्हणजे मुलाचं काय होतं ते मी सोसलेलं होतं, म्हणून एका सुट्टीत हट्टाने तिकडची शाळा पाहायला गेले. तिथे मुलांच्या हातात शंभर मण्यांची माळ होती, गिनमाला. अठ्ठेचाळीसचा मणी शोध म्हटलं की मुलगी बोटांनी दहा-दहाचे टप्पे मोजत चार दशकं ओलांडायची आणि आठ मणी पुढे जायची. काड्यांच्या जुड्या होत्या, दहाची एक जुडी; वजाबाकीत दशक मोडायचं म्हणजे जुडी खरोखर सोडायची. आमच्या वर्गात हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर सांगत आले होते. तिथे मूल ते करत होतं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकांची बैठक. कोणता धडा चालला नाही, कुठे मुलं अडली, कोणता शब्द इथे कुणी वापरत नाही, हे मास्तर सांगत होते आणि लिहिणारे लिहून घेत होते. जोतीरावांनी १८८२ मध्ये एकत्र ठेवलेले ते दोन प्रश्न मला त्या खोलीत पुन्हा एकत्र दिसले. २००२ मध्ये सरकारने होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम बंद केला, प्राथमिकचं कामही त्याच सुमारास थांबलं. त्या वर्षी मला जे वाईट वाटलं ते अजून कमी झालेलं नाही.

मात्र ते बी पुरतं मेलं नाही. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्याविषयी अहवाल दिला होता, त्यांच्याच अध्यक्षतेखाली २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा झाला. त्यानंतर आलेल्या प्राथमिक पुस्तकांच्या सल्लागार समितीच्या अध्यक्ष होत्या अनिता रामपाल, ज्यांनी होशंगाबादच्या कामात वर्षं घालवली होती. ‘आस-पास’ हे परिसराचं पुस्तक तेव्हाचं. आज नातीच्या पुस्तकात खेळण्यांतून आकार येतात, वस्तू बनवायच्या असतात, कचऱ्याचा धडा असतो. त्या वाटेची खूण मला तिथे दिसते.

अडतं ते क्रमापाशी. पुस्तकात पाण्याचा धडा नंतरच्या भागात आहे, म्हणजे तो हिवाळ्यात येणार. आमच्या इथला शाहपुरा तलाव मात्र पावसात भरतो. १९७४-७५ मध्ये बेतवा सिंचन योजनेत तो बांधला, तेव्हा आसपास शेतं होती. पुढे वसाहती वाढल्या, नाल्यांतून सांडपाणी त्यात येऊ लागलं. पाणी कुठून येतं, कोणतं गढूळ आणि कोणतं घाण, भिंतीवरची पातळी आठवड्यात किती चढली, हे पाहायचं तर जुलै-ऑगस्टच हवा. डिसेंबरमध्ये मुलांना तलाव दिसेल, पण तो भरताना दिसणार नाही.

नातीच्या वर्गशिक्षिका आमच्याच सेक्टरमध्ये राहतात. त्या मला आजी म्हणतात. परवा त्यांच्याशी बोलून आम्ही ठरवलं आहे की पाण्याचा धडा त्या मुख्याध्यापकांना विचारून आधी घेतील आणि जत्रेचा मागे टाकतील. पावसाने उघडीप दिली की मुलं रांगेने बांधावर जातील, प्रत्येकाकडे गाठी मारलेली दोरी आणि काठी असेल, पातळी वर्गातल्या तक्त्यावर चढेल आणि तीन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी त्याच सेंटिमीटरांवर होईल. घरी आजी-आजोबांना विचारायचा प्रश्नही काढला आहे: तलाव नव्हता तेव्हा इथे काय पिकत होतं? उत्तरं हिंदीत येतील, मराठीत येतील, छत्तीसगढी-बुंदेलीतही येतील. ती आहेत तशीच लिहून घ्यायची.