जठराआड दडलेले स्वादुपिंड

पाठ्यपुस्तकातल्या पचनसंस्थेच्या आकृतीत स्वादुपिंड सहज सापडते. प्रत्यक्षात मात्र ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे दडलेले असते. तिथली लहान गाठ हाताला लागत नाही आणि साध्या क्ष-किरण चित्रात दिसतही नाही.

म्हणूनच या कर्करोगाचा इतिहास उलटा घडला. शस्त्रक्रिया आधी आली, पाहण्याचे साधन नंतर! 1909 साली बर्लिनमध्ये वाल्टर काउश यांनी स्वादुपिंडाचे डोके आणि शेजारच्या आतड्याचा भाग काढला. 1935 साली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी ही पद्धत सुधारली. कावीळ झालेल्या रुग्णाचे रक्त नीट गोठत नसे, म्हणून शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करीत. के जीवनसत्त्वाचे कार्य समजल्यावर ही अडचण कमी झाली. पण कावीळ दिसेपर्यंत गाठ बहुधा वाढलेली असे.

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र मिळाले. अनेक दिशांनी सोडलेले क्ष-किरण किती शोषले गेले, यावरून संगणक आतले चित्र तयार करतो. हेच सीटी स्कॅन. पुढे त्यात पोटही पाहता येऊ लागले. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव दिला की निरोगी स्वादुपिंड उजळते, गाठ बहुधा काळपट राहते. गाठीने मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढले आहे का, हेही दिसते. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्यावरच ठरते.

1980 नंतर दुर्बिणीच्या टोकाला श्राव्यातीत ध्वनीचे साधन बसवून जठरात उतरवले गेले. ज्या जठराने स्वादुपिंड झाकले होते, तेच आता खिडकी झाले!

मग सर्वांचीच तपासणी का करू नये? वर्गात हे गणित करून पाहू. समजा, 10,000 जणांत एकालाच रोग आहे आणि चाचणी निरोगी माणसांपैकी 100 जणांत एकाला चुकून रोगी ठरवते. म्हणजे एका रुग्णामागे सुमारे 100 निरोगी माणसे धास्तावतील आणि काहींवर नाहक शस्त्रक्रियाही होईल. म्हणून नियमित तपासणी अनुवंशिक धोका असलेल्या कुटुंबांपुरती ठेवतात.

आजही निदानाच्या वेळी पाचांपैकी जेमतेम एका रुग्णाची गाठ काढण्याजोगी असते. उरलेल्या चौघांपर्यंत वेळेत कसे पोहोचायचे, हा प्रश्न आपल्यापुढे आहेच.