जालन्यात सायकल उलटी चालते

1 मे 1981, शुक्रवार. सकाळचे साडेआठही वाजलेले नाहीत, तरी जालना स्टेशनच्या फलाटावर उन्हाचा चटका बसायला लागलाय. ज्या मीटर गेजच्या गाडीतून तुम्ही उतरलात ती धूर सोडत परभणीकडे निघून गेली. सदऱ्याच्या खांद्यावर कोळशाची बारीक कणी बसली आहे. हातानं झटकू नका, काळा ओरखडा उमटतो. फुंकर मारा.

स्टेशनबाहेर भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे. एक पोरगा ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधतोय. मालक वही उघडतो. अनामत मागत नाही, "किसके यहाँ उतरे?" एवढंच विचारतो. गावातलं ओळखीचं एक नाव सांगितलंत की काम झालं. नाव, वेळ, सायकलचा नंबर. तुमच्या वाट्याला काळी चोवीस इंची येते. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात सात आकडा, घंटी नावालाच. ब्रेक मात्र दाबून बघा.

उत्तर फिनलंडमध्ये औलू नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथे जाणारी माणसं सायकल घेतात, पाण्याच्या कडेकडेनं नल्लिकारीच्या किनाऱ्यापर्यंत जातात, बाजारचौकात काहीबाही खातात, आणि शहर पाहून झालं म्हणतात. जालनाही असंच बघायचं गाव आहे, असं मी ठामपणे म्हणेन. लोक इथे बियाण्याला येतात, बाजाराला येतात, काम उरकून संध्याकाळची गाडी धरतात, आणि गाव बघायचं राहून जातं. इथे समुद्र नाही. पण पाणी अडवून स्वतःचा काठ तयार करणारी माणसं इथे चारशे वर्षांपूर्वीही होती, आणि ती दिसायची तर पायडल मारतच जायला हवं. एक लक्षात ठेवा: इथली सायकल पुढे जाते तशी वर्षं मागे सरकतात.

आज गावात गडबड आहे. औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना आजच जिल्हा झालाय, परभणीचा परतूर तालुकाही त्यात आलाय. तिकडे कोकणात सिंधुदुर्गचाही आजच जन्म. चहाच्या टपरीवर चर्चा एकच, कलेक्टर कुठे बसणार. कोपऱ्यातल्या बाकावर दोन शेतकरी बियाण्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेत. बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात 1964 साली महिको सुरू केली. 'पुसा सावनी' या भेंडीच्या वाणाच्या बियाण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळणार आहे, हे टपरीवर फक्त तुम्हाला माहीत आहे. चहा संपवा आणि निघा.

कुंडलिकेचा पूल ओलांडा. मागे जुना जालना, पुढे नवा. नवा म्हणजे मूळचं कादराबाद, व्यापाऱ्यांची पेठ. मे महिन्यात नदीत पाण्याची एक ओळ तेवढी उरली आहे. मामा चौकातून जाताना वेग कमी करा. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांच्या नावाचा हा चौक आहे. त्यांचा काळ अजून तुमच्या पुढे आहे, म्हणजे मागे.

मस्तगडापाशी सायकल लावा. निजाम असफजाहच्या हुकमावरून काबीलखानानं 1725 च्या सुमारास ही गढी बांधली. बुरूज सगळेच बघतात, तुम्ही विहीर बघा. मोठी विहीर आहे, आणि तिच्या आत बांधकामातच सज्जे आणि खोल्या काढल्या आहेत. बाहेर अंगाची लाही होत असताना पाण्याच्या अंगाला बसून कचेरीचं काम करावं, जेवावं, दुपार काढावी, हा विचार ज्यानं केला त्याला मराठवाड्याचा उन्हाळा नीट कळला होता. पायऱ्या उतरा. दगडाला हात लावा. गारवा तळहातातून कोपरापर्यंत चढतो. थोडा वेळ बसा.

वर येता तेव्हा दात वाजतात.

जानेवारी 1947. दुकानांच्या पाट्या उर्दूत आहेत. सायकल तीच काळी, पण मडगार्डवरचा आकडा गेलाय आणि पुढे कार्बाइडचा दिवा आलाय. खिशातली नोट काढू नका, कुणी घेणार नाही. इथे निजामाचा हाली रुपया चालतो. इंग्रजी रुपयाला कलदार म्हणतात. सहा कलदार दिले की सात हाली मिळतात, आणि तो हिशेब बाजारातलं शेंबडं पोरही बोटांवर करतं. रेल्वे निजामाची, कचेरी निजामाची, शाळेतली भाषा त्याच्याच कचेरीची. घरातली भाषा तेवढी आपली. सुटकेला अजून वीस महिने आहेत. 17 सप्टेंबर 1948 ही तारीख तुमच्या ओठांवर येईल, ती गिळा. मधले वीस महिने या लोकांना काढायचे आहेत, आणि ते सोपे नाहीत.

घाणेवाडीकडे वळून या. निजामाच्या राज्यात बांधलेला हा तलाव आहे, आणि त्याचं पाणी आपल्या उतारानं गावात येतं, पंप लागत नाही. पुढे 2012-13 च्या दुष्काळात जालन्याचे लोक टँकरमागे धावतील, तेव्हा याच तलावातला गाळ लोकवर्गणीतून काढतील आणि आसपासचे शेतकरी तो शेतात नेऊन पसरतील. हे आठवलं की मला या गावाबद्दल फार आदर वाटतो. सरकारची वाट न बघता तलावात उतरणारं गाव सगळीकडे मिळत नाही.

आता राजूरची वाट धरा. अंगारकीला जालन्याहून माणसं पायी राजूरच्या गणपतीला जातात, त्याच रस्त्यानं. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी आहे, डोक्यापेक्षा उंच, कणसात दूध भरलेली. हवेत गोवऱ्यांचा धूर आहे. तो नाकाला लागला की सायकल बांधावर टाका.

"या पाव्हणं. हुरड्याच्या वासानं आलात जणू."

आगटीभोवती घरातली सात-आठ माणसं बसली आहेत. खड्ड्यात गोवऱ्या फुललेल्या, त्यात कणसं खुपसलेली. म्हातारी कणीस बाहेर काढते, राख फुंकते आणि तळहातावर धरून चोळते. चटका तिला लागत नाही, साठ वर्षांत हात तयार झालाय. दाणे सुटतात, कोंडा वर येतो. ती एक फुंकर मारते आणि हिरवे, वाफाळते दाणे तुमच्या ओंजळीत ओतते. पहिला घास नुसताच खा. दाण्यात अजून दूध आहे, दातांखाली तो फुटतो आणि गोडवा जिभेच्या मागच्या भागाला लागतो. दुसऱ्या घासाला तिळाची चटणी घ्या, तिसऱ्याला गूळ. मध्येच बोरं. शेवटी मातीच्या लोटक्यातून ताक. हुरडा बशीत वाढून चमच्यानं खायची चीज नाही. शेतात, आगीच्या जवळ, दुसऱ्याच्या हातून घेऊन खायचा. पुढे शहराजवळच्या बागांतून तिकीट लावून हुरडा मिळेल, लोक आवडीनं जातील, आणि त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही आज जे खाल्लंत ते विकत मिळत नाही.

"पोटभर खा लेकरा," म्हातारी म्हणते. "लेव्हीवाले पिकली ज्वारी मोजून नेतात. हे कोवळं आपलंच."

तिचा नातू जालन्याला शिकतो. तो हळू आवाजात सांगतो, वाचनालयात मराठी वर्तमानपत्र येतं, शेवटी हातात पडेपर्यंत घडीवर फाटलेलं असतं. बाप त्याच्याकडे बघतो आणि तो गप्प होतो. तुम्हीही गप्प राहा.

राजूरला टेकडीवरच्या गणपतीला नमस्कार करून पुढे निघालात की वर्षं भराभर गळायला लागतात. जालन्याच्या बाजूला बघाल तर 1903 साली इंग्रजी छावणी उठताना दिसेल. त्याच्याही मागे बेथेल नावाची वस्ती, धर्मांतर केलेल्या नारायण शेषाद्री यांनी वसवलेली. आणि 1827 मध्ये छावणीचे पहिले तंबू. इथे थांबायचं नाही. रस्ता बैलगाडीच्या चाकोरीएवढा होतो, मग पायवाट. हातातल्या सायकलला आता अर्थ उरलेला नाही. ती कधी गेली ते तुम्हाला कळतही नाही.

23 सप्टेंबर 1803. तुम्ही नदीकाठच्या एका गावाबाहेर उभे आहात. समोर केळना नदी, पावसाळ्याचं गढूळ पाणी. पलीकडच्या तीरावर दुसरं गाव. नदीच्या उत्तरेला, केळना आणि जुई यांच्या मधल्या पट्ट्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा पसरल्या आहेत. शिंद्यांची कवायती पायदळं आणि तोफा पोलमान नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली. अलीकडे चौतीस वर्षांचा एक इंग्रज सेनापती घोड्यावर बसून दुर्बिणीतून बघतोय. आर्थर वेलस्ली. दोनच दिवसांपूर्वी बदनापुरात त्यानं दुसऱ्या इंग्रज फौजेचा सेनानी स्टीव्हन्सन याच्याबरोबर बेत ठरवला, दोघांनी दोन वाटांनी यायचं. स्टीव्हन्सन अजून लांब आहे.

वाटाडे त्याला सांगताहेत, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र दिसतं की वारूड आणि पिंपळगाव ही दोन गावं नदीच्या दोन तीरांवर एकमेकांसमोर वसली आहेत. समोरासमोरची दोन गावं एकमेकांकडे जाणार नाहीत असं होत नाही. उतार असणारच.

तुमच्या शेजारी डोक्यावर घोंगडी घेतलेला एक शेतकरी उभा आहे. त्याची बहीण पलीकडच्या गावात दिलेली आहे. सणासुदीला तो गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातो. त्याला कुणी काही विचारलेलं नाही, आणि तो काही बोललेला नाही. तरी त्याच्या पायाखालची वाट फौजेनं ओळखली.

पुढे काय झालं ते पुस्तकांत आहे. मी एवढंच म्हणेन की शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफेपाशीच कापले गेले. जिंकणाऱ्या इंग्रज बाजूचीही दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. नेपोलियनला वॉटर्लूवर हरवल्यानंतरही वेलस्ली आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून असईच्या याच लढाईचं नाव घेत असे. मराठी वाचकानं इथे एकदा यावं, पुतळे आणि तारखा शोधायला नव्हे. नदीचा उतार बघायला यावं. गोलंदाज कुठे उभे होते ते बघावं. त्यांची नावं आपण लिहून ठेवली नाहीत.

संध्याकाळी घोंगडीवाला तुम्हाला विचारतो, "माझ्या रानातलं उभं पीक कोण भरून देणार?" तुमच्याजवळ उत्तर नाही. दक्षिणेकडे चालायला लागा.

जालन्याच्या वेशीपाशी पोचता तेव्हा 1620 च्या आसपासचं साल आहे. निजामशाहीचा कारभार मलिक अंबरच्या हातात, आणि गाव त्याचा सरदार जमशेदखान सांभाळतो. मशीद, हमाम आणि सराई त्यानं बांधली. पण जालन्यासाठी त्यानं केलेलं सर्वांत मोठं काम जमिनीखाली आहे. मोती तलाव बांधून त्यानं तिथून गावातल्या हौदांपर्यंत जमिनीखालून नळ टाकले. भरभराटीच्या दिवसांत या गावाला पाच तलाव होते. आजच्या मोती तलावाचे हाल बघितले की जीव तुटतो, म्हणून आत्ता नीट बघून घ्या. पाणी काठोकाठ आहे. बांधावर एक मिस्त्री ओणवा होऊन नळाच्या तोंडाशी कान लावून ऐकतोय. पाणी कुठे अडलं तर त्याला आवाजावरून कळतं. वर बघून तो म्हणतो, उतार एका वितीनं चुकला तर अख्खी पेठ तहानेली राहते.

हमाममध्ये अंग शेकून घ्या आणि सराईत या. चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापल्या जाताहेत. तुमची जीभ सवयीनं ठेचा शोधेल. तो नाही, मिरची अजून इथल्या रानात रुळलेली नाही. डाळीत मिरे आहेत, आणि बोटानं तूप चोळलेली भाकरी. शेजारी घनसावंगीकडून आलेला एक गाडीवान जेवतोय. तो सांगत असलेली गोष्ट पुढे घरोघरी सांगितली जाणार आहे. जांबच्या ठोसरांचा बारा वर्षांचा नारायण, लग्नाच्या बोहल्यावर भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि पोर उठून पळालं.

"सापडलं का?" कुणीतरी विचारतं.

"कुठलं सापडतंय. आई रडून रडून अर्धी झाली."

"लांब गेलं नसेल. बारा वर्षांचं पोर किती चालंल?"

"नाशकापर्यंत चालंल," तुमच्या तोंडून निघून जातं.

सगळे तुमच्याकडे बघतात. गाडीवान हसतो, स्वतःच्या पुढ्यातली अर्धी भाकरी मोडून तुमच्याकडे सरकवतो आणि विचारतो, "तुम्ही कुठले, पाव्हणं?"